आधी गंगीची धार

कोसाड, १८ नोव्हेंबर २०२४

किरण,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहितात. मी लिहिला आणि खोडला, ते वर दिसतंच आहे. तू तो घेणार की तसाच परत पाठवणार, हे कळेपर्यंत माझ्याजवळच राहू दे.

फोन लावला की दत्तू उचलतो. "वहिनी, ती कामवर गयी," असं म्हणतो आणि मागे तुझ्या बांगड्या वाजतात. माझ्या दिराला खोटं बोलता येत नाही, त्याला त्या भानगडीत पाडू नकोस. म्हणून हे पत्र. सातवीपर्यंत शिकले ते निदान या कामी आलं. चिंधाचा पेंडीचा टेम्पो दर मंगळवारी तुमच्या इच्छापोरला येतो, त्याच्याजवळ देते. वाचू नको म्हणून त्याला तंबी दिली आहे. तरी तो वाचणारच. तेव्हा चिंधा, तुलाही राम राम.

तुम्ही नवरात्रात घर सोडलंत त्याला दीड महिना झाला. घरात आता आम्ही दोघंच. तुमची खोली तशीच आहे, फक्त तिच्यात सरकीची पोती ठेवली आहेत. हे म्हणाले, रिकामी कशाला ठेवायची. मी एका कोपऱ्यात ठेवू दिली, तुझ्या कपाटाच्या बाजूला नाही.

गोठ्यात सहाच्या चार झाल्या. रूपा आणि पहिलारू तुम्ही असतानाच विकल्या, ते तुला माहीत आहे. दगडीच्या रोगानं कास सुजलेली म्हैस कोण घेतो? जो घेतो तो आपल्या तोंडाकडे न बघता पैसे मोजतो. राहिल्या गंगी, भुरी, तारा आणि मोरी. मोरीचा एक सड कायमचा गेला. ताराचं दूध निम्म्यावर आलं. भुरीला काही झालेलं नाही, पण ती पान्हा चोरते. मी खाली बसले की मान वळवून बघते आणि मी आहे असं दिसलं की आखडून घेते. तुझी सवय लावून ठेवलीस ना.

आता जे झालं त्याबद्दल. तू त्या दिवशी बाजूला बसलेली होतीस. असं असताना न विचारता गोठ्यात गेलीस, गंगीखाली बसून धार काढलीस आणि त्यानंतर आठवड्याभरात एकेकीची कास दगडासारखी व्हायला लागली. मी जे पाहिलं ते बोलले. नळावर चार बायकांत बोलले, ते चुकलं. शोभाबाईसमोर तर बोलायलाच नको होतं, तिच्या तोंडाला झाकण नाही. घरात बोलायला हवं होतं. तेवढ्यापुरती माझी चूक, ती मी मानते.

तू काहीच बोलली नव्हतीस. मी एवढं बोलत होते, पण तू घागर भरलीस आणि घरी गेलीस. कधी कधी वाटतं, तू भांडली असतीस तर बरं झालं असतं.

बरणीत तूप पाठवते आहे. भुरीच्या दुधाचं आहे, नि:शंक खा. बरणी परत पाठव, माझ्या आईची आहे.

तुझी जाऊ,
लीला


कोसाड, ९ डिसेंबर २०२४

किरण,

बरणी आली, घासून पुसून. बरोबर चिठ्ठी नाही, चपाटी नाही. म्हणजे तूप खाल्लंस, किंवा दत्तूनं सगळं चाटलं. चिंधाला विचारलं, काही म्हणाली का? म्हणाला, "काही नही, जिजी. बरनी लिधी नि दार लोटं." मी म्हटलं, लोटलं ना, आपटलं तर नाही? तो हसला. तुझ्यासारखा तोही मला जिजी म्हणतो, पण तुझ्यासारखं म्हणत नाही.

इथली बातमी अशी की डेअरीनं गुरांची डॉक्टर पाठवली. आपलं दूध दोनदा परत आलं तेव्हा ह्यांनी हातापाया पडून नाव लावलं होतं. बाई आली, श्वेताबेन, गुजराती, तुझ्याच वयाची. पायात गमबूट, केस वर बांधलेले. मी मनात म्हटलं, ही काय म्हशीला हात लावणार. हात लावला तर असा, की मोरीनं लाथ उचलली नाही.

तिच्याजवळ एक प्लास्टिकची पाटी होती, चार वाट्यांची. प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या वाटीत घेतलं, वरून जांभळं औषध ओतलं आणि पाटी हातात गोल गोल फिरवली. चांगलं दूध पाण्यासारखं फिरतं. आजारी दूध घट्ट होऊन शेंबडासारखं लोंबतं. गंगीच्या चारही वाट्या लोंबल्या. ताराच्या दोन. मोरीच्या उरलेल्या तिन्हींतली एक. आणि ऐक, भुरीचीसुद्धा एक वाटी घट्ट झाली. भुरीची, जिला काही झालं नाही असं मी तुला लिहिलं होतं. वरून कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, चव चांगली आणि आत रोग बसलेला.

मी म्हटलं, दिसत तर काहीच नाही. ती म्हणाली, "मासी, जे दिसतं ना, ते थोडंच असतं." मग ती पायरीवर बसून ह्यांना समजावत होती. फेकलेलं दूध दिसतं, औषधाची ट्यूब दिसते, विकलेली म्हैस दिसते. पण जे दूध आलंच नाही ते कुणी मोजत नाही. म्हैस रोज दीड-दोन लिटर कमी देते आणि आपण म्हणतो चारा बरोबर नाही, ऊन लागलं, वेत जुनं झालं. वर्षभर घर त्यातच पोखरतं. हे ऐकून ह्यांनी टोपी काढली आणि डोकं खाजवत बसले. आपला तेरा घरांचा रतीब होता, आता सात घरं उरली. बाकीची पिशवीवर गेली. पिशवीची सवय लागली की माणूस परत येत नाही.

मग तिनं मला धार काढून दाखवायला सांगितली. मी म्हटलं, बघ बाई, बघ. तुला माहीत आहे, या कोसाडात माझ्यासारखी धार कुणाची नाही. बादलीत असा फेस आला की दोन बोटं त्यात बुडवायची, सडावर फिरवायची, की सड लोण्यासारखा होतो. अंगठा मुडपून दाबला की शेवटचा थेंबही येतो. एकीची झाली की कमरेच्या फडक्यानं दुसरीची कास पुसायची आणि बसायचं. चौघी अर्ध्या तासात. ती भिंतीला टेकून एकटक बघत होती. मला वाटलं, थक्क झाली.

सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "मासी, पहेलां कई भेंस दोहो छो? रोज?"

मी म्हटलं, गंगी. रोज आधी गंगी. ही घरातली मानाची म्हैस आहे. पलसाण्याच्या मिलमधून ह्यांना घरी बसवलं तेव्हा मी माझ्या हातातल्या पाटल्या मोडून ही सुरती म्हैस आणली. हिच्यावर घर उभं राहिलं, दिराचं लग्न झालं. हिची धार काढल्याशिवाय मी दुसरीला हात लावत नाही.

"ने पछी हाथ धोया वगर बीजी?"

मी हात पदराला पुसले. तेव्हा तिनं सांगितलं की आजारी म्हैस नेहमी शेवटी काढायची. हात धुवायचे. प्रत्येकीचं फडकं वेगळं. बोटं दुधात बुडवायची नाहीत, अंगठा मुडपायचा नाही. धार झाली की पुढ्यात चारा टाकायचा, म्हणजे ती अर्धा तास उभी राहते आणि उघडा सड शेणाला लागत नाही. पहिल्या दोन धारा जमिनीवर नाही, कपात काढायच्या आणि बघायच्या.

म्हणजे मी तीस वर्षं जे करते आहे ते सगळं चूक. कालची पोर येऊन मला धार शिकवते. मला राग आला, आणि मी चहा न देता तिला जाऊ दिलं. हे तुला सांगायचं कारण नव्हतं, पण लिहून झालं आहे आणि खोडून कागद किती घाण करायचा.

आता एक विचारते. चिंधा सांगत होता, तू हजीरा रोडवरच्या एका तबेल्यात धार काढायला लागली होतीस, बरं चाललं होतं आणि पंधरा दिवसांत त्यांनी तुला काढलं. तिथे कुणी जाऊन सांगितलं म्हणे, की हिच्या हातानं कास सडते. शोभाबाईचा दीर त्या तबेल्याला भुसा घालतो. हे खरं आहे का? आता तू गोदामात खोकी चिकटवतेस, हेही खरं का?

तुझ्या हातांनी खोकी चिकटवायची?

लीला


कोसाड, ६ जानेवारी २०२५

किरण,

हे पाकीट डिंकानं बंद केलं आहे. चिंधाला सांगितलं, फाडलंस तर तुझी पेंड माझ्या दारात उतरणार नाही. हे फक्त तू वाचायचं. नंतर कुणाला दाखवायचं असेल तर दाखव.

मागच्या दोन पत्रांत मी तुला खोटं लिहिलं. एक खोटं लिहिलं आणि एक लपवलं.

लपवलेलं आधी सांगते. आषाढ संपता संपता, म्हणजे तू गंगीखाली बसलीस त्याच्या आठ दिवस आधी, गाळण्याच्या फडक्यात मला चोथा दिसला. पांढरे बारीक तुकडे, दही फुटल्यासारखे. दुधाच्या वरचा जाडसर भाग असेल म्हणून मी झटकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसला. तिसऱ्या दिवशी मी गंगीचं दूध वेगळं गाळलं, म्हणजे नक्की कळावं. नक्की कळलं. मग मी ते फडकं घरात कुणी उठायच्या आत धुवायला लागले. आठ दिवस धुतलं, किरण. का, तर ह्यांना कळलं असतं तर त्यांनी गंगी विकली असती. हे मनानं वाईट नाहीत, पण म्हशीच्या बाबतीत ह्यांना दया नाही. माझ्या पाटल्या गेल्या, त्याबद्दल मी कधी बोलले नाही. पण गंगी दारात उभी असली की मला वाटतं, पाटल्या आहेत अजून. तिची कास बिघडली म्हणजे आपण भिकेला लागलो, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हणून मी रोज आधी तिची धार काढत राहिले, मानानं, आणि तेच हात घेऊन बाकीच्या पाचजणींखाली बसत राहिले.

आता खोटं. मी लिहिलं की तू न विचारता गोठ्यात गेलीस. तू विचारलं होतंस. मला त्या दिवशी ताप होता, अंगावर दोन गोधड्या होत्या. तू दारात उभी राहून म्हणालीस, "जिजी, माले अडचन शे. मी कशी जाऊ?" आणि मी म्हटलं, "म्हशीले काय समजस? जाय तू." मीच तुला पाठवलं. तू माजघराचा उंबरासुद्धा न ओलांडता, मागच्या दारानं गोठ्यात गेलीस. एवढं तू पाळलंस.

आणि धार काढून आलीस तेव्हा बादली खाली ठेवण्याआधी तू मला जे सांगितलंस, तेही मी विसरले नाही. "जिजी, गंगीना दूधमा चोथा शे. तिले शेवटले काढा." एकदा बघितल्याबरोबर तुला दिसलं. तुझ्या घरी कुणी शिकवलं होतं, की तुझं तूच ओळखलंस, मला माहीत नाही. श्वेताबेन गमबूट घालून, पाटी घेऊन येऊन जे म्हणाली, तेच तू चार महिने आधी म्हणाली होतीस. आणि मी ताप असतानाही उठून बसले आणि म्हटलं, "मनी गंगी शेवटले? तू कोन सांगनारी?"

त्या दिवशी तुझं ऐकलं असतं तर रूपा आज दारात असती. पहिलारू असती. तू असतीस.

मग रूपाची कास सुजली, मग पहिलारूची, मग मोरीची. हे रोज विचारायचे, कसं झालं, कुठून आलं. मला उत्तर माहीत होतं. आणि नळावर शोभाबाईनं विचारलं, "काय व्हयनं वं लीलाबाई, नजर लागनी का?" तेव्हा तू समोर घागर धरून उभी होतीस. माझ्या तोंडून ते निघालं. निघालं असं म्हणते, पण ते आपोआप निघालं नाही, मी ते काढलं. मला माहीत होतं की बायका हे लगेच मानतील. आणि तू बोलणार नाहीस हेही माहीत होतं. बोलायचं तर चार बायकांत सांगावं लागणार, की हो, मी त्या दिवसांत गेले, पण हिनंच पाठवलं. आणि त्यावर मी काय म्हणाले असते? नाही, मी नाही पाठवलं, असं म्हणाले असते. तू हेही ओळखलं होतंस ना?

मला लाज वाटते. हे लिहिताना वाटते, जेवायला बसलं की वाटते.

कागदावर माफी मागत नाही. कागद तुझ्या ट्रंकेत पडून राहील आणि कोसाडात सगळ्यांना जे माहीत आहे तेच माहीत राहील. जिथं बोलले तिथं बोलून येते, मग लिहिते.

लीला


कोसाड, २७ जानेवारी २०२५

किरण,

आधी घरात सांगितलं. हे जेवत होते. सगळं सांगितलं, फडकं, ताप, नळ. ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं. ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "मी दत्तूले सांगं व्हतं, तुनी बायको सांभाय." एवढंच. हात धुऊन बाहेर गेले. त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. भोगते आहे, तक्रार नाही.

मग नळ. मुद्दाम सकाळी सातला गेले, सगळ्या असतात तेव्हा. घागर लावली आणि म्हटलं, ऐका गं, श्रावणात मी किरणबद्दल जे बोलले ते खोटं होतं. तिला मीच पाठवलं होतं. रोग आधीपासून गंगीला होता, मला माहीत होता आणि तो माझ्या हातांनी पसरला. नळ चालू होता, घागर वाहायला लागली, कुणी बंद करेना. शोभाबाई म्हणाली, "पन लीलाबाई, ती त्या दिनमा गयथी हाई तर खरं ना?" बघ, तिला तेवढंच धरून ठेवायचं होतं. मी म्हटलं, "शोभाबाई, तुमच्या दोन म्हशींची कास कधी सुजली का? सुजली असेल तर मला बोलवा, मी तुमचे हात बघते, बाकी काही बघत नाही." तिनं घागर उचलली. चार दिवसांनी अंधारातून आली आणि हळूच विचारलं, ते जांभळं औषध कुठं मिळतं. मी तिला श्वेताबेनचा नंबर दिला. खूप बोलावंसं वाटलं.

श्वेताबेनला पुन्हा बोलावलं आणि या वेळी चहा दिला, बशीत बिस्किटं ठेवून. गंगीचं दूध हळूहळू आटवतो आहोत. आटताना चारही सडांत औषध भरायचं, पुढच्या वेताला पुन्हा पाटी लावून बघायचं. तेव्हाही तसंच निघालं तर तिला इतरांत ठेवता येणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. मी हो म्हटलं. तोवर थोडं दूध आहे ते काढते. शेवटी काढते. पहिल्या दिवशी मी तिला ओलांडून भुरीकडे गेले तेव्हा गंगी हंबरली. माझ्याकडे तोंड करून हंबरत राहिली, तिघींची होईपर्यंत. मी हात धूत होते आणि रडत होते. एका म्हशीसाठी एवढं रडले, तुझ्यासाठी रडले नव्हते, हे त्याच वेळी लक्षात आलं. मग तुझ्यासाठीही रडले. साबण पुरला नाही.

मागच्या मंगळवारी चिंधाच्या टेम्पोत बसून हजीरा रोडच्या त्या तबेल्यात गेले. मालक खाटेवर बसलेला होता. मी सांगितलं, त्या किरणच्या हातात दोष नाही, दोष माझ्या हातात होता, बोलणारी मीच. तो आधी माझ्याकडे, मग चिंधाकडे बघत राहिला. म्हणाला, "मासी, अब तो दूसरी बाई रख ली." मी म्हटलं, काम द्या म्हणून नाही आले, खरं काय ते सांगायला आले. तो म्हणाला, तिच्या हाताखाली म्हशी उभ्या राहायच्या, पायाला दोरी लागत नव्हती. जागा झाली तर सांगतो म्हणाला. सांगेल की नाही देव जाणे. गेलेलं काम मी परत आणू शकले नाही, तेवढं माझ्या हातात नाही.

येताना टेम्पो तुझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. चिंधानं तुझं दार दाखवलं, निळं, बाहेर दत्तूचा शर्ट वाळत होता. मी उतरले नाही. न बोलावता येऊन मी तुझ्या दारात उभी राहिले असते, तर तुला "या" म्हणावं लागलं असतं. ते तुझ्या तोंडून जबरदस्तीनं नको होतं.

घरी ये. तुला म्हशींसाठी बोलवत नाही असं लिहिलं तर ते पुन्हा खोटं होईल. म्हशींसाठीही बोलवते. चौघींमागे माझे दोन हात पुरत नाहीत, भुरी अजून चोरते आणि माझ्या हातांवर माझाच भरवसा राहिलेला नाही. पण म्हशी सगळ्या विकल्या तरी तू ये, हेही तितकंच खरं आहे. सरकीची पोती तुझ्या खोलीतून हलवली आहेत.

लीला


कोसाड, ४ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी

किरण,

चिंधा आत्ता आला. टेम्पो चालू ठेवूनच दारात उभा राहिला आणि एक बोचकं माझ्या हातात दिलं. मला वाटलं, माझी सगळी पत्रं परत आली.

फडकी निघाली. तुझ्या त्या पिवळ्या साडीची, चौकोनी कापून, कडा दुमडून शिवलेली. एकाच्या कोपऱ्याला लाल दोरा, एकाला हिरवा, एकाला काळा, एकाला निळा. ह्यांनी मोजली, पाच होती. म्हणाले, म्हशी चार, एक जास्त व्हयनं. मग तुझी चिठ्ठी सापडली, निळ्या दोऱ्याच्या फडक्यात. चार ओळी आहेत, मला पाठ झाल्या आहेत.

"जिजी, चार म्हशींना चार. बिनदोऱ्याचं पाचवं तुमच्या हातांसाठी. हात कोरडे ठेवत जा. एक विचारायचं आहे. मी आले आणि माझे ते दिवस असले, तर?"

ही चिठ्ठी मी ह्यांना वाचून दाखवली. ते उठले. खुंटीवरची टोपी घेतली आणि म्हणाले, "लिख लवकर. मीच लई जास." मंगळवारपर्यंत थांबायला तयार नाहीत. भावाच्या दारात चार महिन्यांनी जातायत आणि पायात चपला उलट्या घातल्या आहेत, तेव्हा हसू नकोस. पत्र त्यांच्या हातात आहे, उत्तरही त्यांच्याचजवळ दे.

माझं उत्तर हे.

त्याच दिवसांत ये. तुझी तारीख मला ठाऊक आहे, चार वर्षं एका घरात राहिलो. पंधराच्या आसपास. आधी येऊ नकोस, नंतर येऊ नकोस. सकाळी सातला ये, समोर नळावर सगळ्या असतात तेव्हा, आणि पुढच्या दारानं ये. गोठ्याचं दार मी सताड उघडं ठेवते. भुरीखाली तू बस, बादली मी धरते. शोभाबाईला बघायचं असेल तर तिला पाट टाकते.

पाणी तापवून ठेवीन. आधी तू हात धू. मग मी धुते.

तुझी,
जिजी